अर्धी जोडी

पौर्णिमाने दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि खडूची पेटी खाडकन बंद केली.

“देवका, हीना, पुढे या. कोणी कोणाचं पाहून काढलं?”

तिसरीचा वर्ग चिडीचूप झाला. दोघी उठून आल्या. देवकाने फ्रॉकची कॉलर तोंडात धरली होती, हीनाने दोन्ही हात कमरेवर. अभ्यास साधा दिला होता. घरातलं काहीही पाहा, त्याचा अर्धा भाग काढा आणि खाली आपल्या शब्दांत लिहा. बाकीच्यांनी अर्धी भाकर काढली होती, अर्धा कांदा काढला होता, एकाने दाराचं एकच फळकं काढलं होतं. आणि या दोन बहाद्दरणींनी काढला होता अख्खा बैल! चार पाय, शिंगं, शेपटीचा गोंडा, गळ्यातली घंटासुद्धा. खाली दोघींची एकच ओळ होती, ‘हा अर्धा भाग.’

“म्या नाई पाह्यलं तिचं,” देवका पुटपुटली.

“म्या बी नाई,” हीना म्हणाली. “माहा बैल बादल हाये, करडा. तिचा तांब्या हाये, लाल. रंग पाहा ना मॅडम.”

“रंग पाहिला मी. पण अर्धा कुठं आहे यात? हा तर पुरता बैल आहे.”

हीनाने मॅडमकडे जरा कीव येऊन पाहिलं. “बैल पुराच हाये मॅडम. जोडी अर्धी हाये. आमच्या घरी अर्धी, देवकाच्या घरी अर्धी.”

पौर्णिमाचा हात पेटीवरच राहिला. अमरावतीत वाढलेली, रोज भातकुलीवरून एस.टी.ने येणारी ही मुलगी. बैल तिने काय पाहिले असतील ते खिडकीतून. पण एवढं तिलाही ठाऊक होतं की एकट्या बैलाने ना वखर चालत, ना पेरणीची तिफण. त्या वर्षांत गावातली जनावरं एकेक करून कमी होत चालली होती. कापसाने मारलं, सोयाबीनने दगा दिला, कडबा मिळेनासा झाला. ज्याच्या दावणीला दोन होते त्याच्याकडे एक उरला. मग एक बैल याचा, एक त्याचा, अशी सावड सुरू झाली. देवकाचा आजा खुशालराव आणि हीनाचे आजोबा अब्दुल रहीम यांची सावड गावात सगळ्यांत जुनी. पेरणीच्या दिवसांत बादल खुशालरावाच्या गोठ्यातच मुक्कामाला असायचा.

पौर्णिमाने पुन्हा दोन्ही वह्यांकडे पाहिलं. डी.एड.च्या दोन वर्षांत गोट्या, बिया, काड्या मांडून मांडून जे शिकवायला तिला शिकवलं होतं, की दोन सबंध वस्तूंचा अर्धा भाग म्हणजे एक सबंध वस्तू, ते या दोन पोरींनी गोठ्यातून उचलून आणलं होतं! आणि आपण त्यांना चोर ठरवायला निघालो होतो.

“अगं बायांनो!” ती ओरडलीच. “सगळे ऐका. देवका आणि हीनाने आज सगळ्यांत भारी अर्धा शोधून आणला!”

मग जो गलका उठला त्याला काय म्हणावं!

“मॅडम, मंग माही चप्पल बी अर्धी हाये! एक कुत्र्यानं नेली!”

“माया मायचं कानातलं अर्धं हाये, दुसरं कापूस वेचताना पडलं!”

“आमची आजी बी अर्धी जोडी हाये मॅडम. आबाजी वारले नं.”

पौर्णिमाने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “लिही. वहीत लिही हे.” गलका चालूच होता.

ही वही म्हणजे पौर्णिमाचं खूळ, असं मुख्याध्यापक वामनराव म्हणायचे. गणिताची रोजनिशी! पुस्तकातलं काही काढायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं आणि आपल्या बोलीत लिहायचं. त्या वहीत चुलीच्या तीन दगडांचा त्रिकोण आला होता, चाळणीचं वर्तुळ आलं होतं. कापसाच्या पऱ्हाटीच्या चार काड्या बांधून केलेला चौकोन लुळा पडतो आणि तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलता हलत नाही, हा शोध लागला त्या दिवशी तर पोरं शाळा सुटली तरी घरी जायला तयार नव्हती. पौर्णिमा वहीत बरोबर-चूक करत नसे. खाली लाल शाईने एक प्रश्न लिहायची, बस. आणि त्या लाल प्रश्नासाठी पोरं अशी झुंबड करायची की विचारता सोय नाही.

त्या दिवशी तिने दोघींच्या वहीत एकच प्रश्न लिहिला, ‘मग ही जोडी कोणाकडे किती काम करते?’ आणि एस.टी.त बसल्यावर मैत्रिणीला फोन लावून अर्धा रस्ता तिला बोलूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरं तयार होती. देवकाने सहा चौकोन काढले होते, हीनाने तीन. एक चौकोन म्हणजे एक एकर शेत. पौर्णिमाने बाकं भिंतीला लावली, फरशीवर खडूने नऊ चौकोन आखले आणि पोरांना त्यांत उभं केलं. सहा जण देवकाकडे, तीन जण हीनाकडे. “तीन-तीनचे गट करा बरं!” पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. तीन गट झाले. देवकाचे दोन, हीनाचा एक.

“तीनातले दोन!” कुणीतरी किंचाळलं. “देवकाकडे तीनातले दोन भाग, हीनाकडे तीनातला एक!”

दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश, हे शब्द तिसरीच्या पुस्तकात यायला अजून अवकाश होता. पण आता कोण थांबतंय! पौर्णिमाने फळ्यावर लिहिलं तेव्हा तिचं अक्षर आनंदाने वाकडं आलं.

हीनाने मात्र आपल्या पानावर आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या. ‘हरभरा पेराले पयले देवकाचं वावर. मंग आमचं. आमचा नंबर येतवर ओल खाली जाते. आमचा हरभरा इरळ निघते.’

आता खारपाणातली ही गोष्ट बाहेरच्याला समजायची नाही. इथं विहिरीचं पाणी खारट, पिकाला देऊन उपयोग नाही. पावसाळ्यातली जी ओल काळ्या मातीत उरते, तिच्यावरच दसरा झाला की हरभरा पेरायचा. ओल रोज बोटाबोटाने खाली जाते. आधी पेरलं त्याचं दाट निघतं, मागे राहिला त्याचं विरळ, बिया तशाच कोरड्या पडून राहतात. खुशालरावाचं वावर मोठं म्हणून पहिला मान त्याचा, हे इतक्या वर्षांत कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

पौर्णिमाला यातलं अर्धंमुर्धं कळलं. जे कळलं त्याने ती पेटली. तिने लाल पेन उचललं आणि हीनाच्या पानाखाली लिहिलं, ‘शाब्बास! पण बैल जर अर्धे-अर्धे, तर पहिला नंबर नेहमी एकाचाच का?’

गुरुवारी ती एस.टी.तून उतरली तेव्हा वामनराव शाळेच्या फाटकातच उभे होते. एरवी ते प्रार्थनेलाही खुर्चीतून उठत नसत.

“मॅडम, अपूर्णांक शिकवा,” ते म्हणाले. “गावात वाटण्या नका करू.”

“काय झालं सर?”

“काय व्हायचं राह्यलं ते विचारा.”

झालं होतं असं. हीनाचे वडील नईम अकोल्याला वेल्डिंगच्या दुकानात. वावर पाहायची तिची आई परवीन आणि म्हातारे रहीमचाचा. लेकीने संध्याकाळी वही वाचून दाखवली. लाल शाईतला प्रश्न परवीनने दोनदा वाचून घेतला, डोक्यावर ओढणी घेतली आणि वहीसकट खुशालरावाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. यंदा पहिला नंबर आमचा, म्हणाली. खुशालरावाची बायको मनकर्णा सूप पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. शब्दाला शब्द वाढला. शेवटी रहीमचाचा आले, काही न बोलता गोठ्यात शिरले आणि बादलला सोडून घरी घेऊन गेले. आता तांब्या एका दारी उभा, बादल दुसऱ्या दारी. तिफण मधल्या आळीत आडवी पडलेली आणि ऊन असं की ओल डोळ्यांदेखत पळावी.

मधल्या सुट्टीत पौर्णिमा परवीनकडे गेली. परवीनने चहा ठेवला, पाट दिला, सगळं रीतसर केलं.

“परवीनताई, माझ्यामुळं हे...”

“मॅडम, तुमी लिहिलं ते खोटं हाये का?”

“नाही.”

“मंग? म्या तं दर साली हेच बोलून राहिली. घरात कोनी आयकलं नाई. पोरीच्या वहीत आलं तवा अब्बांनी पयल्यांदा मान वर केली.” तिने कपबशी पुढे सरकवली. “तीन एकराचा हरभरा हाये मॅडम. त्याच्यावरच वरीसभर भागते आमचं. यंदा बी इरळ निघाला तं हीनाचा बाप म्हनते, वावर मक्त्यानं देऊन टाकू अन् समदे अकोल्याले चाला. हीनाची शाया बी तिकडंच.”

पौर्णिमा चहा संपवून उठली. तिथून ती मनकर्णाकडे गेली. तिथं पाटही मिळाला नाही.

“पयला नंबर तिले देतो वो मॅडम, घ्या,” मनकर्णा म्हणाली. “मंग माह्या सहा एकराचं काय? मांगं राह्यला त्याचं इरळ निघन, मंग तो कोनी बी असो. तिच्या पोटाले भूक, आमच्या पोटाले नाई का? सांगा तुमच्या वहीत पाहून.”

पौर्णिमाला वाटलं होतं की एक बाजू बरोबर असेल आणि एक चूक. इथं दोन्ही बरोबर होत्या. शाळेत परत येताना तिने मनाशी ठरवलं, या वह्या गोळा करायच्या आणि कपाटात टाकून द्यायच्या. पण वर्गात पाऊल टाकलं तर देवका एका भिंतीला आणि हीना दुसऱ्या भिंतीला. पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या पोरी! दोघींची तोंडं अशी सुकलेली की पौर्णिमाला स्वतःचाच राग आला. लावलेली आग कपाटात कोंडून विझत नसते.

शुक्रवारी तिने पुन्हा बाकं भिंतीला लावली आणि पुन्हा नऊ चौकोन आखले.

“हे वावर,” ती म्हणाली. “ही जोडी. कोणीच मागे राहायला नको. कसं पेरायचं? मला येत नाही. तुम्ही सांगा.”

मॅडमला येत नाही म्हटल्यावर पोरांना जो चेव चढला! अर्धा वर्ग फरशीवर पालथा पडला. खडूचे तुकडे संपले तर कोळसा आणला.

“ट्रॅक्टर आना मॅडम!”

“अबे, जोडीनं पेराचं हाये, ट्रॅक्टर काहून आनतं?”

“दोन डब्बे देवकाचे, एक हीनाचा! आखीन दोन देवकाचे, एक हीनाचा!”

“वा!” पौर्णिमाने टाळीच वाजवली. तीनातले दोन, तीनातला एक, प्रत्येक फेरीला! पोराने जणू वर्षभराचा धडा एका दमात मांडला होता.

“नाई जमत,” भिंतीकडून देवका म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. “मंग बी पयला डब्बा माहा अन् शेवटचा तिचा. अन् एवढ्या वक्ती तिफन इकडून तिकडं वयवाची म्हनलं तं आबाजी बोंबलतीन. वयवता वयवता दिवस जाते.”

सगळे खट्टू झाले. पौर्णिमालाही ते पटलं. तेवढ्यात समोरच्या भिंतीकडून हीना उठली. ती फरशीभोवती फिरली आणि चौकोनांच्या टोकाला जाऊन उभी राहिली, जिथं तिचे तीन चौकोन संपत होते.

“देवका,” तिने विचारलं, “तुमचं वावर नाल्यापासून धुऱ्यालोक नं?”

“हो.”

“अन् आमचं धुऱ्यापासून पांदनीलोक. रुंदीले दोनी येकच नं?”

“येकच हाये. मदात नुसता धुरा.”

हीनाने कोळसा घेतला, खाली बसली आणि एका टोकापासून सरळ रेघ ओढत निघाली. गुडघ्यांवर सरकत, पोरांचे पाय बाजूला सारत, आपले तीन चौकोन ओलांडून, मधली धुऱ्याची म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाची रेघ ओलांडून, देवकाचे सहा चौकोन पार करून ती भिंतीला जाऊन टेकली. मग तशीच परत. एक तास, म्हणजे तिफणीची एक ओळ, जायचं, एक यायचं.

“असं,” ती म्हणाली. “येक येक वावर नाई पेराचं. दोनी मिळून येकच लंबं वावर. हरेक तासात तिचे दोन हिस्से, माहा येक.”

मग देवका धावत आली, रेघेवर पालथी पडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहू लागली आणि ओरडली, “मंग मांगं कोनीच नाई राहत!”

त्यानंतर तो वर्ग राहिला नाही, यात्रा झाली. पोरं नाचत होती, बाकांवर चढत होती, पलीकडच्या वर्गातून वामनराव छडी घेऊन आले आणि दारातच थांबले. पौर्णिमा फरशीवर बसली होती, हात कोळशाने काळे, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वामनरावांनी ती रेघ पाहिली.

“धुऱ्यावरून तिफण?” ते म्हणाले. “मॅडम, तुम्ही शहरातल्या. धुऱ्यापायी इथं सख्खे भाऊ कोर्टात जातात. धुरा मोडून तिफण नेणारा माणूस मी अजून पाहिला नाही.”

हे देवकालाही माहीत होतं, हीनालाही. पण पोरंच ती. शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी अख्खी तिसरी सुतळीचा गुंडा घेऊन वावराकडे पळाली. पौर्णिमा त्यांच्यामागे चपला हातात घेऊन धावली. रुंदी खरंच एक आहे का ते मोजायचं होतं. नाल्याच्या बाजूने मोजलं, धुऱ्यावर मोजलं, पांदणीच्या वाटेवर मोजलं. सुतळी तिन्ही ठिकाणी बरोबर पुरली आणि पोरांनी जी आरोळी ठोकली तिने बाभळीवरचे होले उडाले.

त्या बाभळीखाली खुशालराव बसला होता. दुसऱ्या बाजूला, आपल्या हद्दीत, रहीमचाचा उकिडवे बसून माती बोटाने उकरत होते. ओल किती खाली गेली ते पाहत असावेत.

“काय मोजून राह्यले बे?” खुशालराव ओरडला.

देवकाने आजाला सगळं सांगितलं. तिला धाप लागत होती आणि शब्द एकमेकांवर पडत होते. हीनाने कोरड्या मातीवर काडीने रेघ ओढून दाखवली. रहीमचाचा लांबून ऐकत होते. उठले नाहीत.

खुशालरावाने रेघेकडे पाहिलं, मग धुऱ्याकडे. गुडघाभर गवत माजलेला, बापजाद्यांच्या हाताचा धुरा.

“घरी जा पोट्ट्याहो,” तो म्हणाला. “ऊन लागन.”

एवढंच. पोरं हिरमुसली होऊन निघाली. पौर्णिमाला तोंड दाखवायची लाज वाटली. आपण या पोरींना फसवलं, असं तिला वाटत राहिलं. गणित सुटलं की गोष्ट सुटते असं त्यांना आपणच शिकवलं. रविवारभर ती अमरावतीच्या घरी कुणाशी धड बोलली नाही. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का तुला.

सोमवारी एस.टी. गावाच्या अलीकडच्या वळणावर आली आणि पौर्णिमा सीटवरून ताडकन उठली.

“थांबवा! थांबवा हो, मला इथंच उतरायचंय!”

“हा काय स्टॉप हाये का मॅडम?” कंडक्टर करवादला, पण घंटी मारली.

तांब्या आणि बादल. एका जुवाखाली. लाल आणि करडा, माना हलवत पांदणीकडून येत होते आणि तिफण खुशालरावाच्या हातात होती. रहीमचाचा बैलांपुढे कासरा धरून चालत होते. पौर्णिमा रस्त्याच्या कडेवरून उतरली, साडी काट्यात अडकली ती सोडवायला थांबलीसुद्धा नाही, आणि धापा टाकत वावराच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिला धुरा दिसेना. दोन्ही टोकांना हद्दीचे दगड तेवढे होते, चुना मारलेले. मधलं गवत, मधली माती, सगळं सपाट. वावर नाल्यापासून पांदणीपर्यंत एकच झालं होतं. आणि एका बाजूने सरळ, लांबच्या लांब, ताजी काळी तासं पडली होती.

“काल पाहटीच दोघं फावडे घेऊन निंघाले,” तिथं बसलेली मनकर्णा म्हणाली. तिच्या ओटीत हरभऱ्याचं बियाणं होतं. “यानं इकडून मोडला, रहीमभाऊनं तिकडून. एकमेकाशी चकार शब्द नाई बोलले. मदात आले, फावडे येकमेकाले लागले, तवा हा म्हनते, तंबाकू हाये का?”

“मावशी!” पौर्णिमाला पुढे काही सुचेचना. तिने मनकर्णाचा हात धरला आणि गदागदा हलवला.

“हात सोडा वो, बी सांडते.”

तिफण जवळ आली. तिच्यामागे परवीन चालत होती आणि तिफणीच्या वरच्या लाकडी चाड्यात मुठीने बी सोडत होती. तिच्या वावरात तिचं बियाणं. जिथं धुरा होता तिथं आली की मनकर्णाने पुढचं हाती घ्यायचं, आपल्या बियाण्याने. तास मात्र थांबवायचं नव्हतं. बैल थांबले की तिफण वर येते आणि ओळ तुटते. मनकर्णा उठली, लुगडं खोचलं आणि परवीनच्या बरोबरीने झपझप चालू लागली. परवीनची मूठ अजून चाड्यावरच होती तोवर मनकर्णाने आपली मूठ घातली. दहा-पाच पावलं दोघींचं बी एकत्र पडत गेलं आणि मग परवीन मागे सरली. घाम पुसत तिने पौर्णिमाकडे पाहिलं आणि हसली.

“परवीनताई,” पौर्णिमा म्हणाली. गणिताच्या मॅडमचा जीव राहवत नव्हता. “इथं मध्ये दोघींचं बी पडतंय. इथला हरभरा मग...”

“मॅडम,” पुढून मनकर्णा ओरडली, मान न वळवता, “आता याचं काई मोजू नका!”

परवीन खळखळून हसली. नाल्याकडून पोरांचा आवाज आला. तिसरीचा अर्धा वर्ग दप्तरांसकट तिकडे बसला होता आणि देवका-हीना नाल्याच्या काठावर एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या. प्रत्येक तास पुरं झालं की सगळी मिळून आरोळी ठोकत होती. पौर्णिमानेही हात वर करून आरोळी ठोकली. तोवर जोडी नाल्यावरून वळून परत तिच्या रोखाने निघाली होती.

“ओ मॅडम! बाजूले सरका!” खुशालराव ओरडला. “तासात उभ्या हाये तुमी!”

पौर्णिमा दचकली. तिने साडी वर धरली आणि घाईघाईने बाजूला उडी मारली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत भुसभुशीत मातीत रुतले. वावर कोणाचं, ते काही तिला सांगता आलं नसतं.